नीरेकाठून उतरलो, सावित्रीच्या खोऱ्यातून चढलो

नीरा पूर्वेला वाहते, सावित्री पश्चिमेला. नीरा शिरगावात उगम पावून पुढे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी सरतेशेवटी बंगालच्या उपसागरात जातं. सावित्री महाबळेश्वरच्या कड्यांवरून खाली कोकणात झेपावते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. दोघींच्या मधे सह्याद्रीची धार. ही धार मोटारसायकलवरून एका घाटाने उतरायची आणि दुसऱ्या घाटाने परत चढायची, एवढाच आमचा बेत होता. कापूरहोळ, भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि मांढरदेवीवरून पुन्हा भोर. बरेच जण हा फेरा एका दिवसात मारतात. मारता येतोही. पण मग संध्याकाळी सांगायला उरतो तो फक्त किलोमीटरचा आकडा. म्हणून आम्ही मधे पोलादपूरला मुक्काम धरला.

वेळ ऑक्टोबरची, दसरा उलटून गेल्यावरची. या रस्त्यांना वर्षातून हे तीन-चार आठवडेच खरे. त्याआधी दरडींची धास्ती, त्यानंतर गवत वाळून सगळे डोंगर तपकिरी. मधल्या या दिवसांत ओढे अजून वाहते असतात, सोनकीची फुलं अजून पिवळी असतात आणि भात कापणीला आलेलं असतं.

शनिवार

सकाळी सातला सगळे कापूरहोळला जमले. गाड्या पाच आणि पाचही वेगवेगळ्या जातीच्या. डॉक्टरांची बुलेट, त्यांच्या मित्राची हिमालयन, माझी साधी दीडशे सीसी, छोटीची सव्वाशे आणि काकांची आरएक्स १००. हे मॉडेल १९९६ साली बंद झालं; काकांची त्याहून थोडी आधीची आणि अजून पहिल्या किकला सुरू होते. छोटीला लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं. घाट तिने मागे बसून पाहिलेले, स्वतः चालवत कधीच नाही.

अशा गटाची बांधणी मला फार महत्त्वाची वाटते, बरेच जण मात्र तिच्याकडे कानाडोळा करतात. जोरात चालवणारे पुढे निघून जातात, नवीन माणूस त्यांना गाठायच्या नादात आपल्या ऐपतीबाहेर वळण घेतो आणि मग जे व्हायचं ते होतं. आमच्यात काका पुढे, त्यांच्या लगेच मागे छोटी, मग बाकीचे, आणि शेपटीला मी, हवेचा पंप आणि पान्यांची पिशवी घेऊन. दुसऱ्या नंबरची गाडी ज्या वेगाने जाईल तो सगळ्यांचा वेग. फाटा आला की वळणाऱ्याने थांबायचं, मागचा आरशात दिसला की पुढे निघायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. एवढं पाळलं तर मोबाइलला रेंज नसली तरी माणूस हरवत नाही, आणि वरंध घाटात रेंज बहुतेक नसतेच.

कापूरहोळवरून आत वळलो की महामार्गाचा गोंगाट मागे राहतो. इंगवलीजवळ नीरेचं ते प्रसिद्ध वळण लागतं, गळ्यातल्या हारासारखं. तिथे फोटोवाल्यांची गर्दी होती, आम्ही थांबलो नाही. भोरही पटकन ओलांडलं. पंतसचिवांचा राजवाडा आणि वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण या दोन्हींसाठी वेगळा दिवस काढायला हवा.

खरा रस्ता सुरू होतो तो भोर सोडल्यावर. नीरा-देवघर धरणाचा फुगवटा एका बाजूला सोबत करतो आणि रस्ता त्याच्या प्रत्येक खाचेत शिरून बाहेर येतो. त्यामुळे सरळ असा तुकडाच नाही. एक ओढा, त्यावर छोटी मोरी, लगेच चढ, टेकाडाच्या नाकावरून वळसा, समोर पुन्हा पाणी, की पुन्हा ओढा. धरण काठोकाठ भरलेलं. पाण्याच्या कडेला खाचरं, आणि खाचरांत दोन रंग: हळवं भात कापून आडवं पडलेलं, गरवं अजून उभं, लोंब्यांनी वाकलेलं. कापलेल्या भाताचा वास हेल्मेटमध्ये शिरतो. बंद गाडीतून जाणाऱ्याला हा वास कसा मिळणार, असं म्हणून डॉक्टरांनी आपल्या कारची मनसोक्त निंदा केली.

हाच पेंढा रस्त्यावर मात्र वैरी होतो. भारे वाहून नेताना काड्या डांबरावर सांडतात, वरून दहिवर पडतं, आणि सावलीतल्या वळणावर तो थर साबणासारखा निसरडा होतो. जोडीला पावसाने डोंगरावरून आणलेली बारीक खडी, ती नेमकी वळणाच्या आतल्या कडेला साठते. पेंढा किंवा खडी दिसली की काका डावा पाय खाली सोडून खूण करायचे, छोटी तशीच मागच्याला करायची, आणि खूण शेवटी माझ्यापर्यंत यायची. बोलणं न होता सगळं चालू होतं.

हिर्डोशी मागे पडली की झाडी दाट होते. शिरगावला नीरेचा उगम. धरणातलं एवढं पाणी पाहून आल्यावर उगमाची जागा अगदीच साधी वाटते. तिथून थोडं पुढे गेलं की पठार संपतं. काही कळायच्या आत रस्ता एका खिंडीत शिरतो आणि पलीकडे जमीनच नसते. खाली कोकण.

या खिंडीच्या दोन्ही अंगांना कावळ्या किल्ला आहे. घाटरस्ता काढताना किल्ल्याचे दोन तुकडे झाले, त्यामुळे आपण चक्क किल्ल्याच्या मधून जातो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. वाघजाईच्या देवळापाशी गाड्या लावल्या. माकडं लगेच हजर. डॉक्टरांच्या टँक बॅगची चेन एकाने इतक्या सफाईने उघडली की त्यांना ओरडायचंही सुचलं नाही. आतला चष्म्याचा डबा त्याने चावून पाहिला, पसंत पडला नाही म्हणून कठड्यावर ठेवून दिला.

उतरायच्या आधी काकांनी छोटीला कठड्यापाशी उभं केलं आणि खालची वळणं दाखवली.

"हे बघ, वळण आलं की क्लच दाबायचा नाही."

"पण काका, गाडी बंद पडेल ना?"

"बंद पडत नाही. क्लच दाबलास की गाडी मोकळी सुटते, मग सगळा भार ब्रेकवर. जो गिअर हा घाट चढायला लागला असता, तोच उतरायला. दुसरा टाक आणि इंजिनाला धरू दे गाडी."

गंमत अशी की काकांच्या स्वतःच्या गाडीला हे फारसं जमत नाही. टू-स्ट्रोक इंजिन उताराला धरत नाही म्हटलं तरी चालेल, आणि ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे. ड्रम तापले की दाबूनही गाडी थांबायला वेळ घेते. म्हणून काका ब्रेक सतत धरून ठेवत नाहीत. वळणाआधी एकदा नीट दाबतात, सोडतात, वारा लागू देतात. शिवाय उतारावर थ्रॉटल सलग बंद राहिला तर टू-स्ट्रोकच्या इंजिनाला ऑइल कमी पोहोचतं, त्यामुळे मधूनच मनगटाची एक हलकी पीळ. मागून ऐकलं तर त्यांचं उतरणं एखाद्या लयीत चालल्यासारखं वाटतं: टर्र, शांतता, टर्र, शांतता. छोटीने पहिली चार-पाच वळणं अंग आखडून घेतली. नंतर तिचे खांदे सैल झालेले मला मागून स्पष्ट दिसले.

हा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवावा लागतो, आणि का ते उतरताना कळतं. ठिकठिकाणी कडा खरवडून निघालेला, लाल माती ओली, कठडे नवे. काही ठिकाणी डांबरच नाही, नुसती दाबलेली खडी. महाड तालुक्यातलं तळिये याच डोंगररांगेच्या पायथ्याचं. २२ जुलै २०२१ ला तिथे दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. इतक्या हिरव्यागार, इतक्या देखण्या उताराकडे पाहताना ते आठवलं की आपोआपच आवाज खाली येतो.

घाट संपला तसा उकाडा अंगावर आला. वर जॅकेट हवंसं वाटत होतं, माझेरीपर्यंत येईतो घामाने पाठ चिकटली. बारसगावच्या फाट्यावरून आत शिवथरघळीला गेलो. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची म्हणून ओळखली जाणारी ही घळ एका धबधब्याच्या कुशीत आहे. ऑक्टोबरात धबधबा जेमतेम असतो आणि तेच बरं, कारण पावसाळ्यात इथे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पूर्वेला घाटमाथ्यावर ढग काळे झाले. परतीचा पाऊस हा या दिवसांतला ठरलेला पाहुणा: सकाळ लख्ख, दुपारी गडगडाट, तासाभरात पुन्हा ऊन. पहिले थेंब पडले तेव्हा काकांनी गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना थांबवलं. पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत वाईट, कारण रस्त्यावरची धूळ आणि तेल पाण्यात मिसळून त्याचा चिखल होतो. जोरदार सर आली की तो धुऊन जातो. हिमालयनवाल्याला हे थांबणं पटलं नव्हतं. समोरून एक दुचाकीस्वार सपाट रस्त्यावर उगाचच आडवा झालेला पाहिल्यावर तोही गप्प बसला. त्या माणसाला काही लागलं नव्हतं. उठून आधी त्याने मोबाइल पाहिला.

महाडला चवदार तळ्यावर थोडा वेळ थांबलो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. रायडिंगच्या कपड्यांत, हातात हेल्मेट घेऊन तिथे उभं राहताना जरा अवघडल्यासारखं झालं खरं, पण या गावावरून जायचं आणि तळं पाहायचं नाही, हे काही बरोबर नाही. मग महामार्गाने पोलादपूर. महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ट्रक होते, आम्ही होतो, अंधाराआधी पोहोचलो.

रविवार

पहाटे सावित्रीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं. साडेसहाला निघालो आणि जेमतेम दहा किलोमीटर गेलो असू, कापड्याच्या आसपास, तोच डॉक्टरांच्या बुलेटचं मागचं चाक डुलायला लागलं. खिळा. माझ्या आणि छोटीच्या गाडीचे टायर ट्यूबलेस, तिथे पट्टी खुपसून पाच मिनिटांत काम झालं असतं. बुलेटला तारांचं चाक, आत ट्यूब, म्हणजे चाक उतरवणं आलं.

मला मनातून बरंच वाटलं. पिशवी उगाच वाहून आणल्यासारखी तरी होणार नव्हती. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागे सपाट दगड लावला. ब्रेकचा रॉड सुटा केला, चेन उतरवली, एक्सल ठोकून बाहेर काढला. टायरची कडा रिमवरून सोडवणं हे खरं जिकिरीचं. त्यावर उभं राहून टाचेने दाबत एकेक वीत पुढे सरकायचं. जुनी ट्यूब काढल्यावर डॉक्टर लगेच नवीन बसवायला निघाले होते, त्यांना थांबवलं. आधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, सावकाश, पूर्ण गोल. खिळ्याचं टोक आत तसंच राहिलं असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. टोक सापडलं, तांदळाच्या दाण्याएवढं. पकडीने उपटलं. मग नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोलाई आणली, म्हणजे लिव्हरखाली ती चिमटत नाही. कडेला साबणाचं पाणी लावलं आणि टायर बसवायची सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करून शेवट वॉल्व्हपाशी केला. पंप मारायला सगळ्यांच्या पाळ्या. या खटाटोपात धुकं विरलं आणि समोर डोंगराची भिंत अचानक उभी राहिली. तीच चढायची होती.

आंबेनळीला ब्रिटिश अमदानीतलं फिट्झगेराल्ड घाट असंही नाव आहे. वरंध आणि आंबेनळी यांची तुलना केल्याशिवाय आमच्यातलं कोणी राहत नाही, म्हणून माझं मत नोंदवतो: उतरायला वरंध, चढायला आंबेनळी. वरंधचा उतार तुम्हाला एकदम सगळं दाखवून टाकतो. आंबेनळी काहीच एकदम दाखवत नाही. झाडीतून चढत राहायचं, एखाद्या वळणावर फांद्या बाजूला होतात आणि आपण किती वर आलो ते दिसतं, की पुन्हा झाडी. रस्ता अरुंद आहे. अशा ठिकाणी उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची हा मोटार कायद्याखालचा नियम आहे. एसटीचे चालक तो पाळतात, पर्यटकांच्या गाड्या क्वचित. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणं ही इथे असभ्यता नाही, उलट न वाजवणं आहे.

जुलै २०२१ च्या त्याच पावसाने या घाटाचीही दाणादाण उडवली होती. महाबळेश्वरला तेव्हा एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अजूनही काही वळणांवर जुनं काळं डांबर संपून नव्या काँक्रीटचा पांढरा तुकडा सुरू होतो. रस्ता कुठे वाहून गेला होता ते त्यावरून कळतं.

उतारांवर कारवी होती. काही पट्ट्यांत नुसत्या वाळक्या काड्या, माणसाच्या उंचीच्या, वाऱ्यावर खडखडणाऱ्या. त्यांच्या बुडाशी पोपटी रोपांची दाटी. ही झुडपं सात-आठ वर्षं नुसती वाढतात, एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. म्हणजे फुलांचा सोहळा इथे होऊन गेला होता आणि पुढची पिढी कामाला लागली होती. कड्यावरच्या ओल्या खडकांना मात्र सोनकी भरभरून.

घाट संपतो त्या सुमाराला प्रतापगड उजव्या हाताला येतो. किल्ला १६५६ चा, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. पुस्तकात वाचलेला हा प्रसंग या रस्त्याने चढून आल्यावर वेगळाच कळतो. वाईचा मोकळा मुलूख सोडून रडतोंडीच्या घाटाने एवढी फौज, हत्ती-घोडे घेऊन या जंगलात उतरायचं म्हणजे काय, ते मोटारसायकलवरूनही अंगावर येतं. शिवाय गड बसलाय तोही कसा, तर पाणलोटाच्या वेशीवर. एका अंगाचं पाणी सावित्रीला, दुसऱ्या अंगाचं कोयनेला. पारच्या बाजूचा ओहोळ कोयनेला मिळतो, कोयना दक्षिणेला जाऊन मग पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत शिरते. म्हणजे पायथ्याच्या वाडा गावापाशी आम्ही पुन्हा बंगालच्या उपसागराच्या बाजूला आलो होतो. छोटीने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इथे नेमक्या रेघेवर पाऊस पडला तर?" डॉक्टर म्हणाले, "तर ते पाणी काकांसारखं, कुठे जायचं ते आयत्या वेळी ठरवणार."

महाबळेश्वर रविवारी दुपारी जसं असतं तसंच होतं. गाड्यांच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये क्लच भाजत जाण्यापेक्षा आम्ही आधी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री गोमुखातून एकत्र पडतात. आदल्या दिवशी आणि सकाळी जिच्या खोऱ्यात घाम गाळला ती सावित्री इथे कृष्णेला खेटून.

पाचगणी, पसरणी घाट: गर्दी, धूर, पुन्हा गर्दी. वाईत उतरून मेणवलीला वळलो तेव्हा कुठे कानांना आराम मिळाला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथल्या एका लहान देवळीत भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेतली ही लूट. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा सह्याद्री ओलांडून कृष्णेकाठी आली, तीही रस्ते नसताना. काकांनी तिच्या कडेवरून हात फिरवला आणि ओतकामाची तारीफ केली. त्यांचं आयुष्य फौंड्रीत गेलं आहे.

वाईहून सगळी दुनिया सुरूरला महामार्ग पकडते. आम्ही मांढरदेवीचा चढ घेतला. काळूबाईच्या डोंगरावरून मागे वाईचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं, मग रस्ता आंबाडखिंडीच्या घाटाने भोरच्या बाजूला उतरतो. दोन दिवसांतला सर्वांत कमी वाहतुकीचा तुकडा हाच. छोटीने पुढे जाऊ का विचारलं. काकांनी हाताने खूण करून तिला वाट दिली. ती दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला बोट न लावता, हॉर्न वाजवत उतरत गेली आणि आम्ही चौघे तिच्या मागे. सहा वाजून गेल्यावर दिवे लावावे लागले. ऑक्टोबरात अंधार पटकन पडतो, आणि आंबवड्याच्या अलीकडे कापणीहून परतणारे बैल आणि माणसं रस्त्यावर होती, त्यामुळे शेवटचे किलोमीटर अगदी सावकाश.

भोरला सगळ्यांनी टाक्या भरल्या आणि हिशेब सुरू झाला. सर्वांत कमी पेट्रोल छोटीच्या सव्वाशेला लागलं. सर्वांत जास्त काकांच्या आरएक्सला, बुलेट आणि हिमालयनपेक्षाही. हिमालयनवाल्याने याचा पुरेपूर समाचार घेतला. काकांनी शांतपणे टाकीचं झाकण लावलं, किक मारली आणि धुराच्या लोटातून म्हणाले, "पुढच्या वेळी उलट्या बाजूने करू. आंबेनळी उतरायचा आणि वरंध चढायचा." डॉक्टरांचा याला सक्त विरोध आहे. वाद अजून मिटलेला नाही.